रंग जुना, तळ नवा

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून कोकणचा मच्छीमार नव्या हंगामाला प्रारंभ करतो. मालवणजवळच्या एका किनाऱ्यावर हा सोहळा पाहण्याचा योग यंदा आला. पताकांनी सजलेल्या आणि ताज्या रंगाने झळकणाऱ्या होड्यांच्या रांगेत एक होडी वेगळी दिसत होती. तिचा तळ नवाकोरा होता, पण वरच्या कडांवरील रंग जागोजागी उडालेला, जुनाच होता. तिचा मालक आमच्या परिचयातील एका मच्छीमार कुटुंबातील तरुण. रंगाविषयी विचारताच तो हसून म्हणाला, "काका, रंग पुढच्या वर्षी. औंदा सगळे पैसे तळातच गेले."

या उत्तरामागे जे घडले, ते एका कुटुंबापुरते मर्यादित नाही. म्हणून ते येथे मांडतो.

होळीच्या सुमारास या तरुणाने एक जुनी फायबरची होडी पाहून ठेवली होती. दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी म्हणून किती वर्षे राबायचे, हा त्याचा प्रश्न रास्त होता. नवी होडी घेण्याची ऐपत नव्हती. जुनी होडी तुलनेने स्वस्त मिळत होती, तिचा निळा-पांढरा रंग ताजा होता आणि यंत्रही एका झटक्यात सुरू झाले होते. आईच्या पाटल्या गहाण टाकून त्याने इसारही देऊन टाकला. माझी सारी नोकरी बँकेत झालेली, म्हणून कागद पाहण्यासाठी त्याने मला बरोबर नेले. होडीतले मला काही कळत नाही. त्याच्या आईला मात्र पुष्कळ कळत होते. तिने वाडीतल्या एका वृद्ध कारागिराला आग्रहाने आमच्याबरोबर धाडले.

त्या कारागिराने रंगाकडे पाहिलेच नाही. खिशातून एक नाणे काढून तो होडीच्या तळावर वीतवीत अंतराने ठोकत पुढे सरकू लागला. आवाज खणखणीत येत होता. कण्याच्या उजव्या बाजूला हातभर जागेत तो एकदम बद्द झाला. म्हातारा थांबला आणि म्हणाला, "रंग बघू नको रे झिला, आत पाणी किती मुरला ता बघ." मग त्याने मागच्या बाजूला बसवलेल्या यंत्रावर आपला भार टाकला, तेव्हा यंत्र ज्या फळीवर आवळलेले असते ती फळीच किंचित हलली. विक्रेत्याने अखेर सांगितले, की दोन हंगामांपूर्वी होडी खडकावर आदळली होती; भेग लुकणाने बुजवून तिच्यावर त्याने रंग दिला होता. हा गृहस्थ लबाड नव्हता. तोही मच्छीमारच आणि तोही कर्जात. परंतु त्या बद्द आवाजावर चार खलाशांचे प्राण तरंगणार होते, हे विसरून चालणार नाही.

फायबरचा आजार दिसत नाही

आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या लाकडी नौका चालत आल्या. लाकूड आपले दुखणे लपवत नाही. ते पाझरते, मऊ पडते, किडीने पोखरले की भुसा पडतो. घरातल्या शेंबड्या पोरालाही होडीचे वय ओळखता येत असे. फायबरचे तसे नाही. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटया एकावर एक अंथरून, त्यांत रेझिन मुरवून तयार केलेले थर. सर्वांत बाहेर रंगीत, गुळगुळीत असा जेलकोटचा लेप. हे थर एकजीव असेपर्यंत होडी दणकट असते. ती कुजत नाही, तिला कीड लागत नाही, दरवर्षी फटी बुजवाव्या लागत नाहीत. या गुणांमुळेच फायबर किनारपट्टीवर सर्वत्र पसरले आणि त्यात गैर काही नाही.

परंतु होडी रोज वाळूवरून ओढली, की कण्याखालचा लेप झिजतो आणि धागे उघडे पडतात. त्या धाग्यांच्या वाटेने पाणी, दिव्यात वातीने तेल चढावे तसे, आत शिरते. धक्का बसला, की थर एकमेकांपासून सुटतात, आणि वरून पाहणाऱ्याला केसाएवढी रेषही दिसत नाही. तळाला फोड आलेले असतात; एखादा फोडला तर आंबूस वासाचे पाणी निघते. यंत्र पेलणाऱ्या मागच्या भिंतीत बहुधा प्लायवूड असते. बोल्टच्या भोकांतून पाणी गेले, की ते आतल्या आत कुजते. होडी बुडू नये म्हणून पोकळीत फोम भरलेला असतो, तोही वर्षानुवर्षे पाणी शोषून जड होतो. होडी नेहमीपेक्षा खोल बसत असेल, तर मासळीआधीच ती पाण्याचे ओझे वाहत असते.

या सर्वांवर दोन दिवसांत नवा रंग चढवता येतो. म्हणून बाजारात आलेल्या जुन्या होडीचा रंग जितका ताजा, तितका ग्राहकाने सावध असावे.

दुरुस्ती म्हणजे लुकण नव्हे

जुनी, नादुरुस्त होडी घेऊच नये असे मात्र माझे मत नाही. उलट, फायबरची होडी मनापासून दुरुस्त केली तर ती पुन्हा अनेक वर्षे चाकरी करते. आणि टाकून दिलेली फायबरची होडी मातीत मिसळत नाही. ती किनाऱ्यावर कचरा होऊन पडते. जुनी वस्तू डागडुजी करून वापरण्याची आपल्या घरांची रीत येथेही शहाणपणाचीच आहे. अट एवढीच, की दुरुस्ती खरी असावी.

खरी दुरुस्ती म्हणजे आधी तोडणे. सुटलेले थर निरोगी थर लागेपर्यंत घासून काढावे लागतात. कडा उभ्या न ठेवता उतरत्या कराव्या लागतात आणि हा उतार तळाच्या जाडीच्या सुमारे बारापट लागतो. सहा मिलिमीटर जाडीच्या तळाला चहूबाजूंनी सात सेंटिमीटरहून अधिक उतार हवा. जुन्या फायबरवर नवे रेझिन केवळ चिकटून राहते, त्याच्याशी एकजीव होत नाही. म्हणून ही पकड जितकी रुंद, तितका जोड टिकाऊ. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या साधारण एक ते दोन टक्केच घालायचा. अंदाजपंचे ओतला तर जोड ठिसूळ होतो किंवा कच्चा राहतो. हार्डनर आणि वेग देणारे कोबाल्टचे द्रावण थेट एकत्र केल्यास भडका उडू शकतो, हे तर प्रत्येक कारागिराच्या शेडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. घासताना उडणारी काचेची धूळ फुफ्फुसात जाते. तोंडाला मुखपट्टी लावणे हा भित्रेपणा समजू नये.

यातली सर्वांत मोठी अट कोरडेपणाची आहे, आणि नेमकी येथेच आपली व्यवस्था उलटी चालते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा मासेमारी बंदीचा काळ असतो. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, माणसे मोकळी असतात, म्हणून दुरुस्तीचा विचार तेव्हाच होतो. परंतु आषाढातल्या कोकणात हवेतच पाणी असते. ओल्या तळावर घातलेले रेझिन धरत नाही. पावसाळ्यात उघड्यावर केलेली फायबरची दुरुस्ती पुढच्या हंगामात सुटली, तर दोष नशिबाचा नसतो. सौदा हिवाळ्यात करावा, तळ उघडून होडी फाल्गुन-चैत्राच्या उन्हात वाळू द्यावी आणि पहिल्या सरीपूर्वी काम संपवावे. आमच्या तरुणाने तेच केले. सौदा मोडला नाही. विक्रेत्याने किंमत उतरवली, उरलेल्या पैशांतून तळ आणि मागची भिंत नव्याने झाली. रंगासाठी मात्र काही उरले नाही.

एकट्याचे काम नव्हे

येथे कोणी म्हणेल, ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत, हा काय लेखाचा विषय झाला? माझा आक्षेप नेमका यालाच आहे. त्या वृद्ध कारागिराला आईने धाडले नसते तर? ज्याच्या घरात अशी जाणती आई नाही, त्याने काय करावे? घर घेताना आपण वकील पाहतो, जुनी मोटार घेताना मेकॅनिक नेतो. जिच्यावर रोज चार जण खोल पाण्यात जातात, ती होडी मात्र रंग पाहून आणि यंत्राचा आवाज ऐकून घेतली जाते. ही उणीव त्या एका तरुणाची नाही, आपल्या सामूहिक व्यवस्थेची आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीचा ओघ लागला आणि फायबरच्या नौका मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. घाईने बांधलेल्या अनेक नौकांच्या दर्जाविषयी जाणकारांनी तेव्हाच चिंता व्यक्त केली होती. सद्भावना कमी नव्हती. तळ तपासणारा हात कमी पडला. मदत करणाऱ्या प्रत्येक संस्थेने लक्षात ठेवावा असा हा धडा आहे.

कागदांचे महत्त्वही तेवढेच. नौकेची नोंदणी, मासेमारीचा परवाना, बँकेचा बोजा, संस्थेची थकबाकी हे सारे पाहून, नाव बदलून घेतल्याशिवाय होडी ताब्यात घेऊ नये. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी 'कुबेर' ही भारतीय मासेमारी नौका बळकावून, तिच्यावरील खलाशांची हत्या करून आले होते. कोणती नौका कोणाची आणि ती कोठे आहे, हा प्रश्न तेव्हापासून केवळ मालकीचा राहिलेला नाही. विकलेली होडी जुन्याच नावावर वर्षानुवर्षे चालवणे ही सवय समुद्राच्या पहारेकऱ्यांना आंधळे करते.

मग करावे काय? प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेने एका जाणत्या, व्यवहारात हितसंबंध नसलेल्या कारागिराला तपासनीस म्हणून नेमावे. जुन्या होडीचा सौदा होण्याआधी त्याने तळ, कणा, मागची भिंत आणि फोम तपासून एक कागद लिहून द्यावा. त्याचे मानधन विक्रेता आणि ग्राहक यांनी निम्मे निम्मे द्यावे. दुसरे, प्रत्येक मोठ्या बंदरावर छप्पर असलेली एक सामायिक दुरुस्ती शेड असावी. तिसरे, रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून उभे आहे आणि लाकडाला फायबरचे आवरण देण्यावर कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने काम केले आहे. हे ज्ञान वाडीतल्या कारागिरापर्यंत आठ-दहा दिवसांच्या वर्गांतून पोहोचवता येईल. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याच्या मातीचे परीक्षण होते, तर मच्छीमाराच्या तळाचे का होऊ नये?

तपासणीमुळे सौदे मोडतील, अशी भीती काहींना वाटेल. मोडणारे सौदे मोडलेलेच बरे. परंतु अनेकदा सौदा मोडत नाही, केवळ किंमत खरी होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड घेताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, अशी ताकीद आहे. जीर्ण वस्तूलाही रास्त मोल असते आणि ते दोघांच्या संमतीने ठरते, हा त्यातला व्यवहार आजही लागू पडतो. जुन्या होडीचे दोष उघड सांगणारा विक्रेता गरीब होत नाही आणि ते विचारणारा ग्राहक संशयी ठरत नाही.

त्या दिवशी नारळ सोडून झाल्यावर होड्या एकेक करून पाण्यात ढकलल्या गेल्या. रंग उडालेली ती होडीही गेली. तो वृद्ध कारागीर वाळूत बसून तिच्याकडे पाहत होता. तिची आई माझ्याशेजारी उभी होती, अशीच चूक माझ्या लेखणीतून होणार होती. पण खरे सांगायचे तर त्या माउलीची नजर पाहून ती होडी आणि तो मुलगा यांत तिला त्या क्षणी काही भेद वाटत नव्हता. तिच्या पाटल्या अजून सोडवायच्या आहेत. त्या सुटतील. आपल्या गावातल्या, आपल्या संस्थेतल्या पुढच्या तरुणाने इसार देण्यापूर्वी त्याच्यासोबत नाणे घेऊन जाणारा माणूस असेल, एवढी तजवीज येत्या हिवाळ्यापूर्वी आपण केली पाहिजे.