विश्लेषण : सोंगाड्या ‘मला भीती वाटते’ असे का म्हणत नाही?

तमाशाच्या वगात रात्रीचा प्रसंग आहे, असे समजा. गस्तीवरच्या हवालदाराला झाडामागे खुडबूड ऐकू येते. तो ओरडतो, ‘कोन हाय तिथं? भाईर ये!’ कोणीच येत नाही. आवाज खाली येतो, ‘बरं, नगं येऊ. ऱ्हा तिथंच. आमीच जातो.’ प्रेक्षक हसतात. ‘भीती’ हा शब्द मात्र कुठेच आलेला नसतो.

मग भीती कळते कशी?
बोलणे हीसुद्धा कृती असते, हे ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडले. हुकूम, वचन, धमकी, माफी या बोलून केलेल्या कृती. इथे हुकमाची परवानगी होते आणि परवानगीची माघार. भीती दिसते ती या घसरणीत.

सातारा-सांगलीचा संबंध काय?
१९४९ मध्ये वेगळा होईपर्यंत आजचा सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यातच होता. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. कवलापूरच्या जुळ्या भावांनी, लहू आणि अंकुश खाडे यांनी, काळू-बाळू या नावाने विनोदी जोडी गाजवली. ‘जहरी प्याला’ या वगातले त्यांचे हवालदार लोकांच्या ध्यानात राहिले. जोडी असली की एकाच्या बोलण्याचे दुसरा काय करतो, हे समोरच दिसते.

हे फक्त फडावरच चालते का?
नाही. वर्षांनी भेटलेल्या मित्राला ‘मेला न्हाईस व्हय अजून?’ असे विचारणारे गावोगाव आहेत. वाक्य प्रश्नाचे, सूर शिवीचा, आत माया. सोंगाड्याने हीच बोली फडावर नेली.

मग अडचण कुठे आहे?
बतावणी बहुतेक वेळा हजरजबाबीपणावर चालते, तिची लिखित संहिता नसते. मोबाइलवर येतो तो शेवटचा पंच. आधीचा हुकूम आणि समोरच्याची चुप्पी कापली की भित्रा हवालदार नुसता पाचकळ वाटतो. त्यामुळे तमाशा जपायचा तर लावणीबरोबर अख्खी बतावणीही, दोन्ही बाजूंच्या बोलण्यासह आणि मधल्या थांब्यांसह, ध्वनिमुद्रित व्हायला हवी. नाहीतर विनोद उरेल आणि त्यातला माणूस हरवेल.