निलगिरीला खाणारे कोण?

‘निलगिरीला जनावर तोंड लावत नाही’ हा या वृक्षाचा मोठा गुण मानला गेला. कुंपण नको, राखण नको. म्हणून बंगळूर ग्रामीण, कोलार, तुमकूर भागांतील शेतजमिनींवर तो पसरला. वस्तुतः हा गुण झाडाचा नसून स्थलांतराचा आहे. ऑस्ट्रेलियात कोआला हा शिशुधान प्राणी जवळजवळ सर्वस्वी निलगिरीच्या पानांवर जगतो. तेल व टॅनिनयुक्त पाने पचविण्यासाठी त्याच्यापाशी लांबलचक उंडुक आणि त्यातील जिवाणू असतात. पिल्लाला ते मातेच्या मऊ विष्ठेतून मिळतात. खाणारे व खाद्य यांचे हे नाते दीर्घ उत्क्रांतीतून घडलेले आहे.

टिपू सुलतानाच्या काळात, १७९० च्या सुमारास, निलगिरी बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवर आली ती या भक्षकांना मागे ठेवून. मात्र ही मोकळीक कायमची नव्हती. २००१ मध्ये मंड्या जिल्ह्यात निलगिरीवर गाठी आढळल्या. लेप्टोसायबी इन्व्हेजा ही दीड मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी कोवळ्या पानांच्या मध्यशिरेत व देठांत अंडी घालते. कोआलाआधी त्याच्या ताटातला हा दुसरा वाटेकरी येथे पोहोचला! पुढे तिच्यावर जगणारा क्वाड्रास्टिकस मेंडेली हा परोपजीवी कीटक इस्राएलमधून आणावा लागला.

कर्नाटकाने २०१७ मध्ये नव्या निलगिरी लागवडीवर बंदी घातली, ती भूजलाच्या चिंतेतून. हे पाऊल योग्यच. पण जुनी झाडे केवळ तोडून भागणार नाही. खोडाला फुटणारे कोवळे धुमारे याच गांधीलमाशीचे आवडते स्थान आहेत. खुंट मुळासकट न काढल्यास पाण्याचा उपसा थांबत नाही आणि किडीलाही आश्रय मिळतो.

निलगिरीचा फुलोरा मधमाश्यांना मकरंद देतो, हेही विसरता कामा नये. म्हणून झाडे टप्प्याटप्प्याने काढावीत आणि प्रत्येक टप्प्यात करंज, जांभूळ, कडुनिंब यांची लागवड व्हावी. विस्तार कार्यकर्त्यांनी रोपांची शिफारस करताना ‘याला कोण खात नाही?’ असे न विचारता ‘यावर कोण कोण जगते?’ असे विचारावे. ज्या झाडावर अनेक जीव पोसले जातात, तेथे किडीचे शत्रूही नांदतात. बांधावरचे असे झाड शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार ठरते.