नगरांचा अखत्यार

परराष्ट्रधोरण आणि संरक्षण हे मध्यवर्ती सरकारचे विषय होत, नगरपालिकांनी पाणी, दिवाबत्ती, मैला आणि रस्ते यांचा कारभार नेटका करावा आणि राष्ट्राच्या जीवनमरणाशी निगडित अशा अण्वस्त्रांच्या प्रश्नात तोंड घालू नये, असा आक्षेप हिरोशिमा व नागासाकी या दोन शहरांनी आरंभिलेल्या चळवळीवर चाळीस वर्षांहून अधिक काळ घेतला जात आहे. आक्षेपकांत युद्धखोर थोडे. राज्यघटनेची कलमे जाणणारे, मनापासून शांतता इच्छिणारे आणि तरीही महापौरांच्या या उद्योगाने कपाळाला आठ्या पडणारे सुजाण लोकच त्यांत पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्या म्हणण्याचा परामर्श सविस्तर घेणे अगत्याचे वाटते.

चळवळीची हकीगत थोडक्यात अशी, की २४ जून १९८२ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या निःशस्त्रीकरणविषयक दुसऱ्या विशेष अधिवेशनात हिरोशिमाचे महापौर ताकेशी अराकी, जे स्वतः अणुबाँबच्या आघातातून वाचलेले होते, त्यांनी जगातील नगरांनी सरहद्दी ओलांडून अण्वस्त्रांच्या समूळ उच्चाटनासाठी एकजूट करावी असे आवाहन केले. १९८५ च्या ऑगस्टमध्ये महापौरांची पहिली जागतिक परिषद भरली आणि २००१ पासून जी संस्था ‘मेयर्स फॉर पीस’ या नावाने ओळखली जाते, तिच्यात आज आठ हजारांहून अधिक नगरे सामील आहेत.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर उत्तरपक्षाला विजयाचे समाधान मिळते, सत्य मात्र हाती लागत नाही. म्हणून तो त्याच्या सर्व बळानिशी मांडतो. नगरपालिका ही कायद्याने निर्माण केलेली दुय्यम संस्था असून जो अधिकार तिला दिलेला नाही तो तिने वापरणे गैरशिस्त आहे, हे आक्षेपकांचे पहिले म्हणणे. अण्वस्त्रांच्या परस्पर धाकामुळेच महासत्तांमध्ये तिसरे महायुद्ध झाले नाही आणि म्हणून ज्या शस्त्राने शहरे राखली त्याच्याविरुद्ध शहरांनीच उठावे हा आत्मघात आहे, हे दुसरे. आणि तिसरे, जे सर्वांत बोचणारे आहे, ते असे की ठराव, घोषणा आणि परिषदा यांनी आजवर एकही क्षेपणास्त्र मोडीत निघालेले नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधण्याआधी हिरोशिमाच्या नगरपालिकेच्या दफ्तरात शोधले पाहिजे. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठ वाजता त्या शहरात जे हजारो लोक उघड्यावर काम करीत होते, त्यांत शाळकरी मुलामुलींचे प्रमाण फार मोठे होते. कारण आगीच्या बाँबवर्षावाने जपानची इतर शहरे जळत असल्याचे पाहून हिरोशिमातही आग पसरू नये म्हणून घरे पाडून रुंद मोकळे पट्टे काढण्याचे काम चालू होते, आणि बारा-चौदा वर्षांची मुले पाडलेल्या घरांची कौले व लाकडे उचलण्यासाठी या कामावर लावली गेली होती. आठ हजारांच्या आसपास मुले त्या दिवशी या कामावर होती आणि त्यांपैकी सुमारे सहा हजार प्राणास मुकली. नगररक्षणाची जी तजवीज शहाणपणाची म्हणून केली गेली होती, तिनेच मुलांना छपराखालून काढून स्फोटाच्या तोंडी उभे केले. या घटनेवर मी वारंवार थांबतो, कारण या शस्त्रासमोर नगररक्षणाची कल्पनाच कशी उलटी फिरते याचे याहून दारुण प्रत्यंतर मला ठाऊक नाही.

महापौर सेन्किची अवाया त्याच सकाळी मृत्यू पावले. शहरातील डॉक्टर व परिचारिका यांच्यापैकी दहांत नऊ जण मृत वा जायबंदी झाले. जे वाचले त्यांच्या अन्नवस्त्राची तजवीज नगरपालिकेच्या शिधावाटप विभागाचे प्रमुख शिंझो हामाई यांच्यासारख्या कर्मचाऱ्यांवर येऊन पडली. उशिता येथील पंप त्याच दिवशी दुपारनंतर पुन्हा चालू करून पाणी वाहते ठेवले गेले. आणि ट्राम कंपनीने तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, मोडक्या तारांखालून एका छोट्या टप्प्यावर गाडी सुरू केली. वर्ष संपेपर्यंत मृतांची संख्या सुमारे १,४०,००० वर गेली होती. ज्या संस्थेला ही प्रेते उचलावी लागली, ज्या संस्थेने ही नावे नोंदवहीत घातली आणि ज्या संस्थेला रोगजर्जर वाचलेल्यांच्या पिढ्या सांभाळाव्या लागल्या, तिला या शस्त्राविषयी बोलण्याचा अखत्यार नाही असे म्हणणे म्हणजे भोगणाऱ्याने भोगावे आणि ठरविणाऱ्याने ठरवावे असा न्याय घालून देणे होय. हेच हामाई १९४७ साली लोकांनी निवडून दिलेले पहिले महापौर झाले आणि त्याच वर्षीच्या ६ ऑगस्टला त्यांनी पहिली शांतिघोषणा वाचली. नगराचा अखत्यार असा कर्तव्याच्या ओझ्यातून जन्मला.

मुंबईकर वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये उडाली, मांडवीचा परिसर जळाला, आणि आग विझवावयास धावलेले ६६ अग्निशामक कर्तव्यावर मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ अजून दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळला जातो. त्या दिवशी मुंबईचे बंब, इस्पितळे आणि स्वयंसेवक यांची शर्थ झाली, तरीही शहर मूळचे उभे होते म्हणूनच मदतीला धावता आले. हिरोशिमावरील बाँबची शक्ती त्याच्या दसपटीच्या आसपास होती, आणि आजच्या शस्त्रागारांतील पुष्कळ अण्वस्त्रे हिरोशिमाच्या बाँबहून कित्येक पटींनी अधिक संहारक आहेत. शिवाय बंबखाना, इस्पितळ, जलवाहिनी आणि ती चालविणारी माणसे एकाच क्षणी संहाराच्या वर्तुळात सापडतात. मदत करणारी यंत्रणाच जेथे नष्ट होते तेथे आपत्तिनिवारणाचा आराखडा हा शब्द निरर्थक ठरतो, आणि हे सांगण्यास नगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याइतका अधिकारी माणूस संरक्षणखात्यात सापडणार नाही.

ही गोष्ट ब्रिटनमधील नगरांनी नेमकी ओळखली. नोव्हेंबर १९८० मध्ये मँचेस्टरच्या नगरपरिषदेने आपले शहर अण्वस्त्रमुक्त असल्याचे जाहीर केले आणि पाठोपाठ अनेक स्थानिक संस्थांनी तसेच ठराव केले. त्या ठरावांना कोणी हसले असेल. परंतु १९८२ साली सरकारने ‘हार्ड रॉक’ नावाची देशव्यापी नागरी संरक्षणाची कवायत योजिली तेव्हा बऱ्याच स्थानिक संस्थांनी तीत भाग घेण्यास नकार दिला आणि सरकारला ती रद्द करावी लागली. आमच्या खंदकांनी आणि पत्रकांनी प्रजा वाचेल असा भास निर्माण करण्यात आम्ही सामील होणार नाही, एवढेच त्या नगरांनी म्हटले होते. नगराच्या हाती सैन्य नसते, परंतु खोट्या आश्वासनावर आपली मोहोर उठविण्यास नकार देण्याचा हक्क असतो, आणि युद्धाची पुष्कळशी पूर्वतयारी अशा मोहोरांवरच उभी असते.

जपानातील कोबे शहराचे उदाहरण तर कारभारी दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९५० च्या बंदरविषयक कायद्याने बंदराचे व्यवस्थापन स्थानिक संस्थेकडे सोपविले गेले असल्याने १८ मार्च १९७५ रोजी कोबेच्या नगरपरिषदेने एकमताने असा ठराव केला, की अण्वस्त्रे बाळगणाऱ्या नौकांना बंदरात थारा देऊ नये. आणि अंमलबजावणीसाठी परकीय युद्धनौकेने नांगर टाकण्याची परवानगी मागताना आपल्यावर अण्वस्त्रे नाहीत असा लेखी दाखला जोडावा एवढाच दंडक घातला. एका अर्जाला जोडावयाचा एक कागद, याहून अधिक काही नाही. अमेरिकेच्या आरमाराचे धोरण अण्वस्त्रे आहेत असेही म्हणावयाचे नाही व नाहीत असेही म्हणावयाचे नाही असे असल्यामुळे जवळजवळ पन्नास वर्षे त्या बंदरात अमेरिकन युद्धनौका आली नाही. इतर काही देशांच्या नौका मात्र दाखला देऊन आल्या आणि गेल्या. परराष्ट्रधोरणाला कोबेने हात लावला नाही, धक्क्याचा परवाना देण्याचा आपला अधिकार तेवढा मनःपूर्वक वापरला. नगरपालिकांचा अखत्यार लहान असतो हे मला मान्य आहे. तो लहान असूनही कोठे पोहोचतो हे कोबेने दाखविले.

आता दुसरा आक्षेप, धाकाच्या शांततेचा. या मताचे समर्थक एक गोष्ट सहसा उच्चारीत नाहीत, आणि ती ही की त्यांच्या सिद्धांतात शहरे सुरक्षित राहणे अभिप्रेतच नाही. मे १९७२ मध्ये अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा जो तहनामा केला, त्यातील हिशेब असा होता की दोन्ही बाजूंची बहुतेक शहरे उघडी राहिली तरच कोणी पहिला वार करणार नाही. संयम टिकविण्यासाठी केलेला तो तहनामा त्या काळी उपकारकच होता, हे मी नाकारीत नाही. पण शांततेची किंमत म्हणून कोट्यवधी नागरिक कायमचे ओलीस ठेवले जात असतील, तर त्या ओलिसांना ‘आम्हांला विचारले होते काय?’ असे विचारण्याचा हक्क नाही असे कोण म्हणेल? नागासाकीचे भाग्य तर याहून विदारक होते. ९ ऑगस्टचे मूळ लक्ष्य कोकुरा हे होते, तेथे ढग व धूर यांनी आकाश झाकल्यामुळे विमान पुढे गेले आणि त्या ढगांची किंमत उराकामीच्या वस्तीने चुकविली. जे शस्त्र हवामानाच्या लहरीवर एका शहराऐवजी दुसरे शहर निवडते, त्याला संरक्षणशास्त्रात जागा देताना विवेकाला किती पिळावे लागत असेल! आणि धाक आजवर फसला नाही म्हणून उद्याही फसणार नाही, हा तर्क ज्याला एकदाच फसण्याची मुभा आहे अशा व्यवस्थेला लावता येत नाही.

राज्यसंस्था आणि नगर यांच्यातील हे अंतर नोव्हेंबर १९९५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात सर्व जगाने पाहिले. अण्वस्त्रांच्या वैधतेवर सुनावणी चालू असता हिरोशिमाचे महापौर ताकाशी हिराओका आणि नागासाकीचे महापौर इच्चो इतो जपानच्या वतीने साक्षीस उभे राहिले. दोघांनीही या शस्त्रांचा वापर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे असे स्पष्ट सांगितले, इतो यांनी तर होरपळून कोळसा झालेल्या एका मुलाचे छायाचित्र न्यायाधीशांसमोर धरले. आणि त्यांच्याच सरकारच्या प्रतिनिधीने, वस्तुस्थितीपलीकडचे महापौरांचे मत हे सरकारचे मत असेलच असे नाही, असा खुलासा केला. एकाच देशाच्या बाकावरून एक आवाज तहांची आणि मैत्रीची काळजी वाहत होता आणि दुसरा मृतांची. न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी दिलेल्या मतात, राष्ट्राच्या अस्तित्वावरच बेतलेल्या स्वसंरक्षणाच्या पराकाष्ठेच्या प्रसंगाविषयी निर्णायक काही सांगता येत नाही अशी पळवाट ठेवली हे खरे. पण या शस्त्रांची धमकी वा वापर सामान्यतः कायद्याविरुद्ध ठरेल, आणि निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करून त्या तडीस नेणे हे बंधन आहे, असेही सांगितले. आणि यांतील बंधनाचा भाग एकमताने सांगितला.

उरला ठरावांच्या निष्फळतेचा आक्षेप, आणि येथे प्रतिपक्षाचे काही मान्य करणे प्राप्त आहे. २००३ साली या संस्थेने २०२० पर्यंत अण्वस्त्रे नाहीशी करण्याचा संकल्प सोडला होता. तो पुरा झाला नाही. पृथ्वीवर आजही सुमारे बारा हजार अण्वस्त्रे आहेत, आणि १९८० च्या दशकातील सत्तर हजारांच्या आसपासच्या शिखरावरून जी घट झाली तिचे श्रेय महासत्तांच्या करारांना आहे, महापौरांना मी ते देत नाही. परंतु लोकमत कोठून शिजते आणि ते राष्ट्राच्या कायद्यापर्यंत कसे चढते, याचा एक स्वच्छ दाखला न्यूझीलंडने दिला आहे. तेथे नगरामागून नगर अण्वस्त्रमुक्त जाहीर होत गेले, १९८४ पर्यंत निम्म्याहून अधिक लोकसंख्या अशा क्षेत्रांत राहत होती, आणि १९८७ साली पार्लमेंटने कायदा करून सारा देशच अण्वस्त्रमुक्त केला. ७ जुलै २०१७ रोजी १२२ राष्ट्रांच्या मतांनी संमत झालेला आणि २२ जानेवारी २०२१ पासून अमलात आलेला अण्वस्त्रबंदीचा करारही वाचलेल्यांच्या साक्षी आणि नगरांचे ठराव यांनी दीर्घकाळ नांगरलेल्या भूमीतच रुजला. अण्वस्त्रधारी राष्ट्रांपैकी एकही त्यात नाही, जपानही नाही. म्हणजे काम उरले आहे, व्यर्थ गेलेले नाही.

आणखी एक शंका अधूनमधून निघते, की मोकळ्या देशांतील नगरे बोलतील आणि दडपलेल्या देशांतील मूक राहतील, मग तोल एकाच बाजूला झुकेल. शंका गंभीर आहे. तथापि या संस्थेच्या धुरीण नगरांत व्होल्गोग्राड, हानोवर, यीप्र आणि हलब्जा यांचा समावेश राहिला आहे. एक नगर म्हणजे पूर्वीचे स्टालिनग्राड, दुसरे विमानहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेले, तिसरे पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या रणभूमीवर वसलेले आणि चौथे १९८८ मध्ये रासायनिक अस्त्रांनी मारलेले. राजवटींची वैरे या नावांच्या आड येत नाहीत.

आपल्या देशाशी याचा संबंध दूरचा नाही. १९६८ पासून कोणीही अणुचाचणी केली की हिरोशिमाचे महापौर त्या राष्ट्राला निषेधाचे पत्र पाठवितात, आणि १९९८ च्या मे महिन्यात, पोखरण व चगाई येथील स्फोटांनंतर, ती दिल्ली व इस्लामाबाद या दोन्ही राजधान्यांना गेली. त्याच्या तीनच वर्षे आधी हेगच्या न्यायालयापुढे भारताने लेखी निवेदनात या शस्त्रांचा वापर बेकायदा असल्याचे म्हटले होते, आणि १९५७ साली पंतप्रधान नेहरू हिरोशिमात जाऊन आले होते. सरकारची भूमिका काळाप्रमाणे पालटते. मुंबई, पुणे, नागपूर, लाहोर आणि कराची येथील जमिनीवर पडणाऱ्या छायेत मात्र काही पालट होत नाही. आपल्या महापालिकांच्या सर्वसाधारण सभांनी पांढऱ्या कबुतरांचे ठराव करावेत असे मी म्हणत नाही. आरोग्याधिकारी, अग्निशमनप्रमुख आणि जलअभियंता यांना एकत्र बसवून, या शहरावर एक अण्वस्त्र पडल्यास भाजलेल्यांसाठी किती खाटा, किती रक्त, किती बंब आणि किती माणसे आपण उभी करू शकू, याचा अहवाल त्यांच्याकडून मागवावा, तो नागरिकांसमोर उघड ठेवावा आणि त्याची एक प्रत दिल्लीस व दुसरी समुद्रापलीकडील कराचीच्या नगरपालिकेस पाठवावी. असा अहवाल मागविण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही; पाणी, आग, रोगराई आणि मृतांची विल्हेवाट हे सारे विषय नगरपालिकेच्या कायद्यात पूर्वीपासून लिहिलेलेच आहेत.