प्रवाशाचे डोळे आणि प्रवाशाचे कान

देशाटनाची थोरवी सांगणारी ती प्रसिद्ध आर्या आम्ही शाळेत असताना तोंडपाठ केली होती. चार मुलुख हिंडून आले म्हणजे माणूस आपोआप शहाणा होतो, असा तिचा अर्थ आम्ही त्या वयात लावला. पुढे पुष्कळ प्रवासवर्णने वाचनात आली, दूरदेशी जाऊन आलेली माणसेही भेटली, आणि त्या 'आपोआप' शब्दाविषयी आमच्या मनात शंका उत्पन्न झाली. कित्येकांना सात समुद्र ओलांडूनही तेथील हवा, हॉटेलातील जेवण आणि वस्तूंचे भाव यापलीकडे सांगण्यासारखे काही नसते. याउलट, एखाद्या लहानशा बेटावर चार महिने राहून आलेला मनुष्य जन्मभर पुरेल एवढी शिदोरी घेऊन येतो.

हा फरक कशामुळे पडतो? आमचे मत असे आहे की, जो केवळ डोळ्यांनी प्रवास करतो तो जसा जातो तसाच परत येतो. जो कानांनीही प्रवास करतो तो पालटून येतो, आणि ज्यांच्या दारी तो गेला त्यांचेही कधीकधी भले करतो. याच्या पुष्ट्यर्थ आम्ही आयर्लंडच्या सागरकिनाऱ्याचे उदाहरण घेणार आहोत. तो देश आम्ही स्वतः पाहिलेला नाही. परंतु तेथे हिंडलेल्या प्रवाशांनी लिहिलेले ग्रंथ आम्ही आवडीने वाचले आहेत, आणि त्यांतूनच हे मत बनले आहे.

आयर्लंड हे बेट आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून थोडे मोठे आहे. त्याच्या पश्चिमेस अटलांटिक महासागर अखंड आदळत असतो. तेथे मोहरचे कडे समुद्रातून २१४ मीटर उंच सरळ उभे आहेत. गॅलवेच्या उपसागराच्या तोंडाशी ॲरनची तीन खडकाळ बेटे आहेत. दक्षिणेस डिंगल नावाचे बंदर आहे आणि त्या द्वीपकल्पाच्या टोकापलीकडे ब्लास्केट बेटे आहेत. उत्तरेकडील डोनेगलपासून दक्षिणेकडील किन्सेलपर्यंत या किनाऱ्याने जाणारा सुमारे २,५०० किलोमीटरांचा मार्ग २०१४ साली प्रवाशांसाठी आखून देण्यात आला, आणि दरवर्षी लक्षावधी लोक त्या मार्गाने जातात. हिरवी कुरणे, दगडी कुंपणे, धुके, मेंढरे आणि मधूनमधून छप्पर नसलेली पडकी घरे हे सर्व त्यांच्या डोळ्यांना दिसते. ते छायाचित्रे घेतात आणि पुढे जातात.

परंतु ती घरे पडकी का झाली? हा प्रश्न डोळ्यांना पडत नाही. तो विचारावा लागतो, आणि उत्तर कानांनी ऐकावे लागते. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गोरगरिबांचे सारे जीवन त्या एका पिकावर अवलंबून होते. पुढील सातएक वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. दुःखाची गोष्ट ही की, त्याच काळात त्या देशातून धान्याची जहाजे बाहेर जातच होती. १८४१ च्या शिरगणतीत त्या बेटावर सुमारे ८१ लाख ७५ हजार माणसे होती. १८५१ साली ती सुमारे ६५ लाख ५२ हजार उरली. आजही तेथील लोकसंख्या १८४१ च्या आकड्याला पोहोचलेली नाही. डोंगराच्या उतारावर जे समांतर वरंबे हिरव्या गालिच्यावरील नक्षीसारखे दिसतात, ते त्या काळी सोडून दिलेले बटाट्याचे वाफे होत. हे ज्याला ठाऊक नाही त्याने ते दृश्य पाहिले खरे, परंतु त्याला ते दिसले नाही.

जर्मन लेखक हाइनरिश ब्योल यांस ते दिसले. १९५४ साली ते प्रथम आयर्लंडला गेले आणि पुढे ॲकिल बेटावर त्यांनी घरही घेतले. त्या बेटावर डोंगराच्या पायथ्याशी एक ओसाड गाव आहे. दगडी भिंती जागच्या जागी उभ्या आहेत आणि माणूस मात्र एकही नाही. ब्योल दुसऱ्या महायुद्धात बाँबने उद्ध्वस्त झालेल्या शहरांच्या देशातून आले होते. त्यामुळे हळूहळू, आवाज न करता मेलेले गाव पाहून त्यांच्या मनात काय आले असेल, ते त्यांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आयर्लंडविषयक पुस्तकातून समजते.

येथे कोणी म्हणेल, "ब्योल हे थोर साहित्यिक, सामान्य प्रवाशाकडून अशी अपेक्षा कशी करावी?" या आक्षेपास उत्तर म्हणून आम्ही आसेनाथ निकल्सन या अमेरिकन बाईंचे नाव पुढे करू. त्या आमच्यासारख्याच, शाळेत शिकवीत असत. पन्नाशी उलटल्यावर, १८४४ साली त्या एकट्याच आयर्लंडात गेल्या आणि पुष्कळसा देश पायी हिंडल्या. श्रीमंतांच्या वाड्यांपेक्षा गरिबांच्या झोपड्यांत त्या अधिक राहिल्या. चुलीशी बसून बटाटे खाल्ले आणि लोकांचे बोलणे ऐकले. दुष्काळ पडल्यावर त्या पुन्हा तेथे गेल्या व १८४७ साली डब्लिन शहरातील भुकेल्यांना त्यांनी आपल्या हाताने अन्न वाढले. ज्यांच्या चुलीशी आपण बसलो त्यांचा चुलवण विझलेला असताना दूर राहणे त्यांना शक्य झाले नाही. ऐकण्याला विद्वत्ता लागत नाही, एवढेच या उदाहरणाने आम्हांस सांगावयाचे आहे.

आता ब्लास्केट बेटाची हकीकत ऐका, कारण आमच्या म्हणण्याचा तोच मुख्य आधार आहे. त्या बेटावर दीडशेच्या आसपास माणसांची वस्ती होती. मासेमारी करावी, मेंढरे पाळावी, थोडे बटाटे पिकवावे, असा त्यांचा निर्वाह. लाकडी सांगाड्यावर डांबर फासलेले कापड ताणून केलेल्या हलक्या होड्यांतून ते त्या भयंकर समुद्रावर जात. त्यांची बोली आयरिश. शाळेतील पुस्तके मात्र बहुशः इंग्रजी. शहरातील लोक त्यांना अडाणी समजत, आणि खेदाची गोष्ट ही की, तेही स्वतःला तसेच समजू लागले होते.

अशा बेटावर १९०७ साली कार्ल मार्स्ट्रांडर नावाचा एक तरुण नॉर्वेजियन विद्वान आला. तो देखावा पाहावयास आला नव्हता, भाषा शिकावयास आला होता. टोमास ओ क्रोहन नावाच्या कोळ्याला त्याने आपला गुरू केले. १९१० साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील रॉबिन फ्लॉवर आले. तेही टोमासचेच शिष्य झाले आणि पुढे वर्षानुवर्षे येत राहिले. बेटकऱ्यांनी त्यांचे नाव आपल्या भाषेत फिरवून 'ब्लाहीन', म्हणजे 'लहानसे फूल', असे ठेवले. दुसऱ्या एका पाहुण्याने टोमासला गॉर्की आणि लोती यांची पुस्तके वाचून दाखविली व कोळ्याच्या आयुष्यावरही साहित्य होऊ शकते, हे त्याच्या मनावर बिंबविले. टोमासने उतारवयात आपले आत्मचरित्र लिहिले. ते १९२९ साली प्रसिद्ध झाले आणि १९३४ साली फ्लॉवर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. जॉर्ज टॉमसन या विद्यार्थ्याच्या प्रोत्साहनाने मॉरिस ओ'सलिव्हन या तरुणाने आपल्या बाळपणाची कथा लिहिली. ती १९३३ साली निघाली. पेग सेयर्स या म्हातारीने तर आपले चरित्र मुलाकडून लिहून घेतले. ते १९३६ साली छापले गेले. सात वर्षांत एवढ्याशा खडकावरून तीन ग्रंथ निर्माण झाले, आणि आज ते तिन्ही आयरिश साहित्याचे भूषण मानले जातात.

हे कशाने घडले? पाहुण्यांनी त्यांना काही दिले म्हणून नव्हे. पाहुण्यांनी त्यांच्याकडे काही मागितले म्हणून! "तुमची भाषा आम्हांला शिकवा," असे एका परक्या विद्वानाने म्हणताच त्या कोळ्याला प्रथमच उमगले की, आपल्यापाशी देण्याजोगे धन आहे. घरी कोंकणी बोलणाऱ्या आणि मराठीत लिहिणाऱ्या आम्हांला या गोष्टीचे मोल विशेष वाटते. घरची बोली आणि पुस्तकाची भाषा निराळी असली म्हणजे मुलाच्या मनात घरच्या बोलीविषयी जो एक संकोच घर करतो, तो आम्ही अनुभवलेला आहे. कोणी आदराने कान दिला की तो संकोच कसा वितळतो, हेही आम्ही अनुभवले आहे.

तथापि एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे. न सांगितल्यास आमचे लिहिणे एकांगी होईल. विद्वानांच्या प्रेमाने ते बेट वाचले नाही. तरुण मंडळी अमेरिकेला गेली. १९४१ साली शाळा बंद पडली. डॉक्टर नाही, दुकान नाही, आणि वादळात होडी निघत नाही, अशी स्थिती. १९४७ साली बेटकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना अन्न धाडण्याविषयी तार केली. अखेर १९५३ च्या नोव्हेंबरात सरकारने उरल्यासुरल्या लोकांना मुख्य भूमीवर हलविले. तेव्हा प्रवाशाला जे 'साधे, सुंदर जीवन' वाटते, ते जगणाऱ्याला कित्येकदा असह्य झालेले असते. ॲरन बेटांवर १८९८ पासून वारंवार जाऊन राहिलेले नाटककार सिंज यांनी त्या जीवनाचे सौंदर्य वर्णिले, परंतु बुडालेल्या मुलासाठी आक्रोश करणारी आईही त्यांनी ऐकली होती, म्हणूनच त्यांचे लिखाण टिकले. खरा कान गोड तेवढेच ऐकत नाही.

याच ॲरन बेटांवर १९७२ साली टिम रॉबिन्सन नावाचे इंग्रज चित्रकार राहावयास गेले. तेथील पोस्टमास्तरीणबाईंनी त्यांना बेटाचा नकाशा करण्याचे सुचविले. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने जे नकाशे केले त्यांत गावांची व खडकांची नावे इंग्रजी कानाला ऐकू आली तशी लिहिली गेली होती आणि त्यांचा अर्थ हरपला होता. रॉबिन्सन पायी हिंडले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून एकेका खडकाचे, एकेका ओहळाचे खरे नाव त्यांनी टिपून घेतले. त्यांचा पहिला नकाशा १९७५ साली निघाला. एका परदेशी मनुष्याने, ज्यांच्या देशाने ती नावे बिघडविली त्याच देशाच्या मनुष्याने, ती दुरुस्त करावी, यात आम्हांला मोठे औचित्य दिसते.

आणि यजमानाचा धर्म काय? तोही त्याच किनाऱ्याने शिकविला आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान घातपाताने आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून दूर समुद्रात कोसळले व ३२९ माणसे मृत्यू पावली. त्यांत बहुसंख्य भारतीय वंशाची होती. ती माणसे आयर्लंडला निघालेली नव्हती. त्या देशाशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरी कॉर्क परगण्यातील लोकांनी शोकाकुल नातलगांना आपल्या घरच्यासारखे वागविले. अहाकिस्ता नावाच्या चिमुकल्या खेड्यात समुद्राकाठी त्या मृतांचे स्मारक आहे आणि दरवर्षी २३ जूनला गावकरी तेथे जमतात. अनोळखी पाहुण्यासाठी याहून अधिक कोणी काय करावे?

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावरही दरसाल लक्षावधी पाहुणे येतात. त्यांतील बहुतेक केवळ डोळे घेऊन येतात, ही तक्रार आपण नेहमी करतो. परंतु उद्या एखादा कान घेऊन आला आणि त्याने विचारले, "या खडपाचे नाव काय? रापण ओढताना काय म्हणतात? हे मानस कोणी बांधले, या खाजनाची मेर कोण राखतो?" तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? आपल्याच गावात आपण डोळे घेऊन फिरणारे प्रवासी झालो आहोत, अशी आम्हांस भीती वाटते.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. येत्या सुट्टीत दूर कोठे जाणे न घडले तरी खंत करू नका. एक वही घ्या, आजोबा-आजींपाशी बसा, आणि आपल्या वाड्यावरील शेतांची, झऱ्यांची, खडपांची व वाऱ्यांची नावे, ती ज्या बोलीत सांगितली जातील त्याच बोलीत, लिहून काढा. पुढील वर्षी या अंकासाठी ती वही आमच्याकडे आणून द्या. ब्लास्केट बेटावरची माणसे गेली, परंतु त्यांचे बोलणे उरले. कारण ते जाण्यापूर्वी कोणीतरी ऐकावयास बसले होते. आपल्या घरातील म्हातारी माणसे आज बोलत आहेत. ती वाट पाहत आहेत ती एवढ्याचसाठी की, कोणीतरी विचारावे.