फावल्या वेळी : बोट पाण्यात लोटण्याआधी

मंडळी, आपल्या मंडळातल्या दोन कुटुंबांनी मिळून एक जुनी १९ फुटी मोटारबोट घेतली आहे. जुलैत ईरी कालव्यातून चार दिवसांची सफर काढायचा बेत आहे. बरोबर मुले आणि भारतातून आलेले आजी-आजोबा. "तुम्ही केमिस्ट, जरा यादी करून द्या" अशी फर्माईश आली. संपूर्ण यादी बोटीच्या पुस्तकात असते. मला ज्याची धास्ती वाटते तेवढेच लिहितो. कोळी लोकसुद्धा होडीची डागडुजी आधी करतात, नारळी पौर्णिमेचा नारळ मागाहून.

आधी गॅस (म्हणजे आपले पेट्रोल). पंपावरच्या गॅसमध्ये बहुधा १० टक्के एथेनॉल असते आणि ते पाणी शोषून घेते. हिवाळाभर पडून राहिलेल्या टाकीत पाणी फार झाले की एथेनॉल आणि पाणी यांचा वेगळा थर होऊन तळाशी बसतो, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. बाटलीतले स्टॅबिलायझर हा थर पुन्हा मिसळून देत नाही. जुना गॅस काढा, पाणी अडवणारा फिल्टर नवा घाला. १५ टक्के एथेनॉलचा गॅस स्वस्त दिसला तरी बोटीत भरायला कायद्याने मनाई आहे.

गॅसची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. मोटारीखालून ती वाऱ्याबरोबर निघून जाते. बोटीत मात्र तळाशी साचते, आणि हवेत दीड टक्का झाली तरी एक ठिणगी पुरते. म्हणून टाकी भरताना सगळ्यांनी धक्क्यावर उतरायचे. तुमचे इंजिन आत बसवलेले आहे, तेव्हा ब्लोअर निदान चार मिनिटे चालवा, वाकून वास घ्या आणि मगच किल्ली फिरवा. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. हळू जाताना मागून वारा असेल तर धूर बोटीतच घुटमळतो. मुलांचे डोके दुखले, मळमळले, तर "बोट लागली" म्हणून सोडून देऊ नका; इंजिन बंद करा आणि त्यांना मोकळ्या हवेत आणा. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचे नाही.

आता लाइफ जॅकेट. आपल्यापैकी कितीजणांना पोहता येते ते पिकनिकला दिसतेच. कोस्ट गार्डच्या २०२३ च्या आकडेवारीत बुडून मेलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हते. न्यूयॉर्कचा कायदा बारा वर्षांखालच्या मुलांना ते घालायलाच लावतो. उन्हाळ्यात मोठ्यांसाठी मात्र माणशी एक बोटीत असले की भागते. माझ्या मते भागत नाही. आजी म्हणतील, साडीवर हे काय ध्यान! तरी घाला, आणि घरीच एकदा घालून पाहा. मुलांचे जॅकेट वजनावर घ्यायचे : ३० ते ५० पौंड, ५० ते ९० पौंड. खांद्याला धरून वर उचलल्यावर ते हनुवटीच्या वर सरकले तर मोठे झाले. "पुढच्या वर्षीही होईल" हा हिशेब इथे नको.

१ जानेवारी २०२५ पासून न्यूयॉर्कमध्ये मोटारबोट चालवणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षिततेचे सर्टिफिकेट लागते. दोघे आळीपाळीने चालवणार असाल तर दोघांनीही आजच नाव घाला. अग्निशामकावरचे सालही बघा. एकदाच वापरायचा असेल तर बारा वर्षांनंतर तो बाद.

कालवा १८२५ चा, पण आजची लॉक विसाव्या शतकातली. वॉटरफर्डला लागोपाठ पाच लॉकमधून बोट १६९ फूट चढते. भिंती शेवाळलेल्या असतात, म्हणून दोन्ही बाजूंना फेंडर आणि हातमोजे हवेत. मुख्य म्हणजे दोर बोटीला पक्का बांधू नका, नुसता धरून ठेवा. पाणी उतरू लागले आणि गाठ सुटली नाही तर बोट भिंतीला लटकेल. आजोबांना दोर धरायची हौस असेल तर हे त्यांना आधी समजावून सांगा.

ट्रेलरच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरा, आणि बोट उतरवण्याआधी तळाचे बूच बसवले का ते दोघांनी वेगवेगळे तपासा. रोजचा मुक्काम आणि परतीची वेळ कागदावर लिहून मंडळातल्या कुणाकडे तरी ठेवून जा. माझ्याकडे ठेवलीत तरी चालेल. रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर मी चौकशी सुरू करीन.