घरच्या संगणकाचीही नाडी तपासा

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन घरच्या संगणकासमोर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना क्षयरोगावर शिकवायचे होते, म्हणून जुन्या स्लाइड्स काढायला गेलो. एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावाला न ओळखीचे शेपूट लागलेले आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी. मजकूर साधा होता. तुमच्या फाइल्सना आम्ही कुलूप लावले आहे, किल्ली हवी असेल तर पैसे भरा.

भाचीला फोन लावला. ती संगणकाचे शिक्षण घेते. तिने आधी एकच प्रश्न विचारला, ‘‘मामा, बॅकअप कुठे आहे?’’ बॅकअप नव्हता. मग तिने माझीच ‘हिस्टरी’ घ्यायला सुरुवात केली. विंडोज कुठून टाकले? कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तीनशे रुपयांत टाकून दिले होते. अँटिव्हायरस? मुदत संपलेला. अपडेट्स? दुकानदाराने बंद करून ठेवले होते, ‘मशीन स्लो होते’ म्हणून. आणि गेल्या आठवड्यात नवीन काय घातले? एक फुकटचे ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर. ते चालू होईना म्हणून सूचनेप्रमाणे मी अँटिव्हायरसही बंद केला होता. ओपीडीत एखाद्या रुग्णाने परवाना नसलेल्या माणसाकडून, लेबल नसलेल्या बाटलीतले औषध आणून घेतल्याचे सांगितले असते, तर मी त्याला चांगलाच फैलावर घेतला असता.

पैसे मी भरले नाहीत. भरल्यावर किल्ली मिळेलच याची हमी नसते, आणि मिळाली तरी आपण पुढच्या रुग्णाचा रोग पोसलेला असतो. डच पोलीस आणि युरोपोल यांनी काही सुरक्षा कंपन्यांसह २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ नावाचा उपक्रम सुरू केला. तिथे काही प्रकारच्या खंडणीखोर व्हायरसच्या किल्ल्या मोफत मिळतात. माझ्या व्हायरसची किल्ली तिथे नव्हती.

खरी धास्ती मात्र वेगळीच होती. त्या संगणकात पंधरा वर्षांचे माझे शिकवण्याचे साहित्य होते. त्यात एक्स-रे होते, जखमांचे फोटो होते, केसपेपरचे फोटो होते. काहींवर नावे तशीच होती. त्यात एका मुलीचा एक्स-रे होता. लग्नाला चार महिने झालेले, क्षयरोगाचे निदान झाले तेव्हा ती एवढेच म्हणाली होती, ‘‘साहेब, सासरी कळू देऊ नका.’’ मी शब्द दिला होता. पुढे उपचार पूर्ण करून ती बरी झाली. तिचे नाव असलेली फाइल आता कुणा अनोळखी माणसाच्या हाती लागली की नाही, हे मला कधीच कळणार नाही. कारण अनेकदा हे चोर कुलूप लावण्याआधी एक प्रत स्वतःकडे नेतात.

रुग्णाची गुप्तता ही आम्ही दवाखान्याच्या भिंतीआडची गोष्ट समजतो. पण शिकवण्यासाठी, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्यासाठी आम्ही मोबाइलवर फोटो काढतो, पेन ड्राइव्हवर घरी आणतो, आणि ते घरच्या त्याच संगणकात जाते ज्यावर मुले गेम उतरवतात. डॉक्टरच कशाला? वकील, सीए, सोसायटीचे सचिव, शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांच्या घरी दुसऱ्यांची माहिती असते. म्हणून घरच्या संगणकाची सुरक्षा हा केवळ आपल्या पैशांचा प्रश्न नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. हा संसर्गाचा प्रश्न आहे. आपल्या निष्काळजीपणाचा आजार दुसऱ्याला होतो.

मोठ्या रुग्णालयांनी याचे चटके सोसले आहेत. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील किमान ८० ट्रस्टच्या कामाला त्याची झळ बसली, सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या असा अंदाज तिथल्या लेखापरीक्षकांच्या अहवालात नोंदवला गेला, काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. यातली बोचणारी बाब अशी की, ज्या छिद्रातून हा व्हायरस शिरला ते बुजवणारे अपडेट मार्च महिन्यातच उपलब्ध झाले होते. लस आली होती, टोचून घेतली नव्हती. आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मधील सर्व्हर असेच बंद पडले आणि जवळपास दोन आठवडे नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची बरीच कामे हाताने, कागदावर करावी लागली.

माझ्या संगणकाचे पुढे काय झाले? भाचीने तो पूर्ण पुसून टाकला आणि म्हणाली, ‘‘मामा, परत चोरीचे विंडोज टाकणार असाल तर मी येणार नाही. एकतर विकत घ्या, नाहीतर लिनक्स वापरून बघा.’’ लिनक्स म्हणजे काहीतरी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे बडवायचे प्रकरण, अशी माझी समजूत. तिने आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ‘लिनक्स मिंट’ आणले आणि थेट त्याच्यावरूनच संगणक सुरू केला. हार्ड डिस्कला हात न लावता, काहीही न टाकता, ही प्रणाली अशी चालवून बघता येते. पटली नाही तर पेन ड्राइव्ह काढायचा आणि संगणक पुन्हा सुरू करायचा, सगळे पूर्ववत. नवीन औषधाची आधी छोटी मात्रा देऊन पाहावी, तसे.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. आज आपल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. ते मोफत आहे आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे. घरगुती वापरात त्याचे फायदे साधे आहेत. बहुतेक सॉफ्टवेअर एकाच विश्वासू भांडारातून येते, त्यामुळे क्रॅकच्या मागे भटकावे लागत नाही. महत्त्वाचा बदल करायचा असेल तर दरवेळी पासवर्ड विचारला जातो. विंडोजसाठी लिहिलेले व्हायरस सहसा त्यावर चालत नाहीत. शिवाय जुन्या यंत्रावरही ते बरे धावते. याला आता वेगळे महत्त्व आले आहे. ‘विंडोज १०’ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली. घरगुती ग्राहकांना काही अटींवर मिळणारी मुदतवाढ तात्पुरती आहे. अनेक धडधाकट संगणक ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत. त्यांना भंगारात काढण्याआधी एक रविवार लिनक्सला द्यायला काय हरकत आहे?

आता दुष्परिणाम. ते न सांगता औषध लिहून देणे माझ्या पेशात बसत नाही. माझा जुना प्रिंटर सुरू व्हायला दोन संध्याकाळी गेल्या. काही खास सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचे काही टोकन लिनक्सवर अडतात, त्यामुळे ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांनी विंडोजच ठेवावे, पण अधिकृत आणि अपडेट केलेले. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड तयार असतो, पण जुन्या फॉन्टची सवय असलेल्यांना पहिले काही दिवस चाचपडावे लागते.

आणि लिनक्स ही कवचकुंडले नव्हेत. २०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसून चोरांनी दूषित प्रतीची लिंक ठेवली होती. २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या छोट्याशा घटकात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. लॉगइनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एका अभियंत्याच्या शंकेमुळे तो वेळीच सापडला. शिवाय ज्या फोनच्या गाभ्यात लिनक्स आहे, त्याच फोनवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडून माणसे लुटली जातातच. ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी ऐकून घाबरलेल्या माणसाला कोणतीही प्रणाली वाचवत नाही. ओटीपी आपण आपल्या तोंडाने सांगतो.

म्हणून प्रणाली कोणतीही असो, पथ्य तेच. अपडेट आले की घ्यायचे. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरायचे, ॲडमिनचे नाही. बँक आणि ईमेलचे पासवर्ड वेगवेगळे ठेवायचे आणि दुहेरी पडताळणी चालू करायची. महत्त्वाच्या फाइल्सच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. बॅकअपची हार्ड डिस्क काम झाले की काढून कपाटात ठेवायची. जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर तिलाही कुलूप लावतो. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. हृदयविकाराच्या झटक्याप्रमाणे इथेही पहिला तास मोलाचा असतो.

माझ्या व्यवसायबंधूंना एक वेगळी विनंती. रुग्णाचे नाव आणि चेहरा झाकल्याशिवाय फोटो घरी नेऊ नका. आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात हात धुण्याच्या प्रशिक्षणाबरोबर एक तास यासाठीही द्यावा. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक डॉक्टर रागावले, कारण रोग आपल्याच हातून जातो हे मान्य करणे त्यांना जड गेले. मलाही जड गेले.

त्या मुलीला मी नंतर कधी भेटलो नाही. तिची फाइल आता माझ्याकडे नाही, आणि तशी दुसरी कुणाची फाइलही मी नावासकट ठेवत नाही. येत्या रविवारी चहा घेताना तुमच्या संगणकात इतरांची कोणती गुपिते पडून आहेत, एवढे एकदा बघा.