जाब विचारणारा मित्र

शाळेंत ज्याला एकहि मित्र नाहीं असा विद्यार्थी विरळाच. एका बाकावर बसणारे, एका संघांत खेळणारे, वसतिगृहांत एका पंगतीस जेवणारे एकमेकांस मित्र म्हणवितात, आणि तें योग्यच आहे. परंतु मित्रानें परीक्षेंत नक्कल केली, दुबळ्या मुलाची टवाळी केली, किंवा फीसाठीं घरून आलेले पैसे भलत्याच कामीं खर्चिले, तर तें झांकून ठेवणें हाच खरा मित्रधर्म, अशी समजूत फार पसरलेली आहे. या समजुतीस आमचा स्पष्ट विरोध आहे. जो मित्राला जाब विचारूं शकत नाहीं आणि मित्रापुढें जाब देऊं इच्छीत नाहीं, त्याची मैत्री ही केवळ सोबत होय, असें आम्ही समजतों.

या बाबतींत पहिल्या शतकांतील एक प्रसंग मननीय आहे. अंत्युखिया हें सिरिया प्रांतांतील मोठें शहर; आज तें अंताक्या या नांवानें तुर्कस्तानांत मोडतें. तेथील मंडळींत यहूदी व परजातीय विश्वासी एकत्र जेवीत, आणि प्रेषित पेत्रहि त्यांच्या पंक्तीस बसे. पुढें याकोबाकडून कांहीं माणसें आलीं, तेव्हां त्यांच्या भयानें पेत्र मागें सरला व वेगळा राहूं लागला. त्याचें पाहून इतर यहूदीहि सरले; पौलाचा सहकारी बर्णबा हादेखील त्यांत ओढला गेला. त्या वेळीं पौलानें काय केलें, तें त्यानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत स्वतःच नमूद केलें आहे. तो पेत्राला तोंडावर, सर्वांदेखत बोलला.

ज्या देशांत पंक्तिभेदानें माणसाला माणसापासून तोडलें, तेथील वाचकांस या प्रसंगाचें मर्म निराळें सांगावयास नको. पेत्राची चूक एका जेवणापुरती नव्हती. ज्यांना कालपर्यंत बंधु म्हटलें, त्यांना आज हलकें ठरविण्याची ती गोष्ट होती. पौल भिडेखातर गप्प बसता, तर पेत्राची मर्जी राहिली असती. पण एका मंडळीच्या दोन पंक्ती झाल्या असत्या, आणि खालच्या पंक्तीस बसलेल्यांचें दुःख कोणी बोलून दाखविलें नसतें. मित्राचा दोष झांकतांना आपण बहुधा मित्राकडेच पाहतों. त्या दोषानें ज्याला इजा झाली, तो आपल्या दृष्टीआड राहतो.

येथें कोणी म्हणेल, ‘बंधूनें अपराध केला तर प्रथम एकांतीं त्याला समजवावें, असें प्रभूनें शिकविलें ना?’ होय, मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत तसेंच आहे, आणि सामान्य नियम तोच. पेत्राचें वर्तन उघड होतें व त्यानें अनेकांस उघडपणें दुखविलें होतें. म्हणून उत्तरहि उघड झालें. परंतु मित्राचें खासगी वैगुण्य चारचौघांत मांडणें ही सत्यनिष्ठा नव्हे, तो क्रूरपणा होय.

दुसऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार कोठून येतो, हेंहि पाहिलें पाहिजे. इतरांचे दोष काढण्याची हौस असलेले लोक थोडे नाहींत. १७३८ सालीं लंडनमधील फेटर लेन येथील मंडळींत पांचांहून कमी नाहींत व दहांहून अधिक नाहींत, असे लहान लहान गट करण्यांत आले. त्याच वर्षीं २५ डिसेंबर रोजीं जॉन वेस्ली यांनीं अशा गटांसाठीं नियम लिहिले. सभासदांनीं दर आठवड्यास भेटावें व आपलें पतन, आपले मोह मोकळेपणानें सांगावे, असा त्यांचा आशय होता. त्यांत दोन गोष्टी आम्हांस विशेष महत्त्वाच्या वाटतात. गटांत येणाऱ्यास आधींच विचारीत कीं, तुझे दोष तुला सांगितलेले चालतील काय? आणि भेटींत एकानें प्रथम स्वतःची स्थिति सांगावी, मगच इतरांस विचारावें. म्हणजे जो विचारतो त्यानें आधीं स्वतः उघडें व्हावें! या एका नियमानें उपदेशकाचा अहंकार पुष्कळसा गळून पडतो.

आपल्या शाळेंत हें कसें आचरावें? मित्रानें नक्कल केली, तर प्रथम त्याच्याकडेच जावें. त्यानें कबुली देण्याचें ठरविलें, तर त्याच्याबरोबर गुरुजींच्या खोलीपर्यंत चालत जावें. चहाडी करणारा मित्राला शिक्षेच्या तोंडीं देऊन दूर उभा राहतो. खरा मित्र शिक्षेच्या वेळींहि जवळ असतो. मात्र एखाद्या लहान मुलाचा छळ होत असेल, तर एकांताची वाट पाहत बसूं नये. वडील माणसांस तत्काळ सांगावें. तेथें मौन धरणारा त्या छळाचा भागीदार होतो.

जाब विचारल्यानें मैत्री तुटेल, ही भीति व्यर्थ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कधीं कधीं ती तुटते. तथापि पेत्राच्या नांवें असलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटीं पौलाचा उल्लेख प्रिय बंधु असा आला आहे, हें ध्यानांत घ्यावें. अंत्युखियाच्या त्या कठोर शब्दांची आठवण जेथें पुसली गेली नाहीं, त्याच मंडळींत ही प्रीतिहि जपली गेली.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, तुमची स्तुति करणारे पुष्कळ भेटतील. ‘तूं हें कां केलेंस?’ असें प्रेमानें विचारणारा एक जरी मित्र लाभला, तरी त्याला सोडूं नका. आणि त्यानें विचारलें म्हणजे खरें उत्तर द्या.